गाव विचारलं की फोटो मेला

कुंदाकाकीला एक प्रश्न विचारायचा नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनापण माहिती होतं. फोटो बघायचा, मस्त आहे म्हणायचं, नसेल आवडला तर तोंड वाकडं करायचं, सगळं चालायचं. फक्त "काकी, हा कुठला?" हे नाही. विचारलं की संपलं. ती कॅमेरा पिशवीत टाकायची आणि म्हणायची, "गाव नको इचारू. गाव इचारला का फोटू मेला."

आणि मग एका रविवारी तोच प्रश्न तिला विचारायला लागला. उत्तर आत्ताच्या आत्ता पाहिजे होतं, कारण त्या फोटोतलं सिमेंट कुणाच्या तरी डोक्यावर लटकत होतं. कुणाच्या ते माहिती नाही. कुठे ते माहिती नाही. ते सगळं सांगते, पण आधी काकी कळली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई वेडी होती. (होतीच थोडी. पण तशी नाही.)

आम्ही तिचे भाडेकरू. आम्ही साताऱ्याकडचे, पप्पा मार्केटात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. सीवूड्सच्या मागं खाडीच्या अंगाला जुनं गावठाण आहे, तिथं काकीची चार माळ्यांची बिल्डिंग आणि आम्ही तिसऱ्यावर. काकी आगरी. गळ्यात जाडजूड सोनं, दाताला मशेरी, खाली लाल स्कूटी, आणि पर्समध्ये ब्लाऊजपीसच्या पिशवीत गुंडाळलेला एक छोटा जुना कॅमेरा. तिचा मुलगा जहाजावर आहे. त्याने स्वतःला नवीन घेतला आणि हा आईला देऊन गेला. देताना बोलला असणार, आई, नातेवाइकांचे फोटो काढ. काकीने नातेवाईक सोडून सगळ्याचे काढले.

म्हणजे कशाचे? तर पोपडे. भिंतीचा रंग उचलून वर आलेला असतो ना, वाळलेल्या पापडासारखा, तो. गंजलेलं शटर. होडीच्या बुडाला चार-चार रंग लागून शेवटी सगळेच निघायला लागलेले. पाण्याच्या टाकीवरून वर्षानुवर्षं ओघळलेला तपकिरी डाग. फाटलेल्या पोस्टरखालचं पोस्टर आणि त्याच्याखालचं अजून एक. ती इतकी जवळ जायची की वस्तू राहायचीच नाही. शटर आहे हे कळायचं नाही. नुसता रंग, रेघा, खड्डे. कधी समुद्र वाटायचा, कधी म्हातारीचा गाल.

आम्ही पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा मम्मी किचन बघत होती, पप्पा पाणी किती वेळ येतं ते विचारत होते, आणि काकी बाथरूमच्या मागच्या भिंतीसमोर उभी होती. ओल येऊन ती भिंत निळी-हिरवी झालेली. पप्पा बोलले, "ताई, हे आम्ही करून घेतो. एक हात मारला की झालं."

काकी अशी वळली जसं काय पप्पांनी तिच्या पोराला हात लावलाय.

"ती भित सोरून काय बी रंगवा. हिला हात लावलाव तं खोली नाय."

मम्मी माझ्याकडे बघायला लागली. (आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, सोडूनचं सोरून, पडेलचं परल; आम्हाला अजून सवय व्हायची होती.) मी म्हटलं, मम्मी, घे ही खोली. मला त्याच सेकंदाला ती बाई आवडली होती.

काकीला माणसांचे फोटो अजिबात आवडायचे नाहीत. "मानूस फोटून खोटा हसतं," म्हणायची. "भित हसत नाय." आणि रंगाऱ्यांशी तर तिचं हाडवैर. आपल्या नवी मुंबईत भिंत दिसली की रंगवतात. पुलाखाली फ्लेमिंगो, नाल्याच्या कठड्यावर फ्लेमिंगो, सार्वजनिक संडासाला कमळं. काकी स्कूटीवरून जाताना कुठे परांची दिसली की कचकन ब्रेक. "दादूस, दोन मिन्टा थांब," असं त्या पेंटरला सांगून ती त्याच्या ब्रशच्या पुढे भिंतीला नाक लावून उभी. मागून तो पांढरा प्रायमर घेऊन येतोय, पुढे ही सरकतेय, क्लिक, क्लिक. तो वैतागून म्हणायचा, "मावशी, शर्यत लावली काय?" ही म्हणायची, "नवा रंग म्हंजे तोंडाला पावडर. पुसला का खरा मानूस."

रंगाचं तिला एवढं का, ते मला नंतर कळलं. गावठाणात लग्न निघालं की पहिलं घर रंगतं. हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आख्खं गाव नाचायला येतं, तेव्हा घर नवं दिसलं पाहिजे. आणि प्रत्येक लग्नाला वेगळा रंग. जुना खरवडत कोण बसतं? त्याच्यावरच मारायचा. त्यामुळे पोपडा निघाला की कडेला थर दिसतात, मोरपिशी, राणी, पोपटी. काकी म्हणायची, "येकेक थर येकेक हलद." कुठल्या पोराच्या वेळी कुठला रंग, कोण किती नाचलं, कोण रुसलं, तिला सगळं पाठ.

रुसण्यावरून आठवलं. गल्लीच्या शेवटी हिराकाकीचं घर. हिराकाकी म्हणजे कुंदाकाकीची मोठी जाऊ. दोघींचं बोलणं बंद. का? तर हिराकाकीच्या मुलाच्या हळदीचं आमंत्रण हिला व्हॉट्सअपवर आलं. घरची सून, आणि तिला पत्रिका ग्रुपवर! दारात कोणी आलं नाही, कुंकू लावलं नाही. काकी हळदीला गेली नाही, लग्नाला गेली नाही, आणि त्या दिवसापासून त्या ओट्याला पाय लावला नाही. स्कूटी त्या घरासमोरून जाताना ती मान अशी उजवीकडे वळवायची की मला भीती वाटायची, एक दिवस ही खांबाला धडकणार. तोपर्यंत हिराकाकीला नात झाली, परी. ती चालायला लागली. काकीने तिला एकदाही उचललं नव्हतं.

आता उलव्याचा किस्सा. हा सांगायलाच लागेल.

एकदा मी तिच्या मागे बसून उलव्याला गेले होते. तिकडे नवीन टॉवर चाललेत, सगळीकडे पत्र्यांचं कुंपण. एका कुंपणाचे पत्रे खाऱ्या हवेने असे काही गंजले होते की काकीला आवरेना. ती पत्र्याला चिकटली. पाच-दहा क्लिक झाले असतील, तेवढ्यात वॉचमन आला आणि त्याने तिच्या हातातून कॅमेराच घेतला.

"फोटो मना है. दिखाओ क्या खींचा."

बघतो तर काय, स्क्रीनवर तपकिरी जमीन, मधून वाहणाऱ्या नद्या, निळसर किनारा. त्याचे डोळे मोठे झाले. "ये तो ऊपर से लिया है! ड्रोन किधर है?"

मी हसले. ती चूक झाली. त्याने सुपरवायझरला फोन लावला. बाजूला एअरपोर्ट, आणि दोन बायका ड्रोनने नकाशे काढतायत! आम्हाला पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं. पप्पांना काय सांगू? काकी मात्र पर्स मांडीवर धरून शांत.

सुपरवायझर आला. तो जरा समजूतदार होता. बोलला, "मॅडम, सिंपल आहे. हे कशाचं आहे ते दाखवा आणि जा."

काकी गप्प.

"कुठे काढलाय एवढंच सांगा."

काकी गप्प! अहो, समोर पत्रा होता! बोट दाखवायचं होतं फक्त! मी तिच्या कानात म्हटलं, काकी, प्लीज. ती म्हणाली, "त्याला दाखवला का तां नुसता पत्रा व्हईल." शेवटी मीच त्या माणसाला हाताला धरून कुंपणाकडे नेलं आणि तो डाग दाखवला. त्याने डाग बघितला, स्क्रीन बघितली, परत डाग बघितला, आणि त्याचा चेहराच पडला. "बस? एवढंच?" बोलला.

सोडलं आम्हाला. स्कूटीला चावी लावायच्या आधी काकीने तो फोटो डिलीट केला.

म्हणून सांगते, हा नखरा नव्हता. तिला खरंच वाटायचं की जागेचं नाव घेतलं की त्यातला जीव जातो. कॅमेऱ्यातली तारीखसुद्धा तिने कधी लावली नाही. एका जागी वीस फोटो काढायचे, एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे. मागे काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

आता तो रविवार.

तळमजल्याचा एक गाळा रिकामा झाला होता. मोबाइलवाला सोडून गेला, नवीन भाडेकरू यायला वेळ होता. काकीच्या डोक्यात आलं, प्रदर्शन लावायचं. नाक्यावर जो पोरांच्या वाढदिवसाचे बॅनर छापतो, त्याच्याकडून तिने फोटो फ्लेक्सवर छापून घेतले. तो छापताना सारखा विचारत होता, "काकी, ह्यात भाऊंचा फोटो कुठे टाकायचा?" चारी कोपऱ्यांना भोकं पाडून, सुतळीने बांधून, गाळ्याच्या तिन्ही भिंतींवर नुसता गंज आणि पोपडे. एवढे मोठे! मला तर अंगावर काटा आला बघून.

गावातल्या बायका आल्या. एक बोलली, "कुंदे, फोटू काराला मानूस नाय गावला का?" दुसरी एका फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली आणि बोलली, "ही माजी चादर हाय." काकी खूश होती. त्या दिवशी तिने हातात भरून बांगड्या घातल्या होत्या.

माझा चुलतभाऊ ओंकारदादा जेवायला आला होता. तो सिव्हिल इंजिनियर, जुन्या बिल्डिंगा तपासायचं काम करतो. मी त्याला जबरदस्तीने खाली आणला. त्याला ह्यातलं काही कळत नाही, तो हात मागे बांधून, मटण खाऊन सुस्तावलेला, एकेक फोटो बघत चालला होता. आणि मधल्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोसमोर थांबला.

तो सगळ्यात भारी फोटो होता. पिस्ता रंग, त्याच्या फाटलेल्या कडेतून राणी, त्याखाली मोरपिशी. आणि मधून वरून खाली वाहणारी एक गंजाची तपकिरी नदी, दोन्ही काठांना पांढरीशुभ्र रेघ. कडेला एक पांढरा टोकदार थेंब. काकी त्याला "माजी नदी" म्हणायची.

ओंकारदादाने मान वाकडी केली. मग अजून वाकडी केली.

"काकी, हा आडवा लावलाय का?"

"मना आवरला तसा लावलाय."

"नाही, तसं नाही ओ. हा थेंब बघा. चुन्याचं पाणी गळून गळून असा थेंब होतो. थेंब खाली लोंबतो. हा बाजूला कसा लोंबल?" तो बोलता बोलता फ्लेक्सच्या अगदी जवळ गेला, आणि त्याचा आवाज बदलला. "ही भिंत नाही. हे छत आहे. खालून काढलंय."

"मंग?"

"मग ही तुमची नदी आतल्या गजाची आहे. गज गंजून फुगलाय, त्यानं खालचं सिमेंट ढकललंय. आणि ही पांढरी कड बघा. जुनी चीर असंल तर काळी पडती, धूळ बसती. ही ताजी आहे. म्हणजे हे निम्मं सुटलंय, नुसतं चिकटून आहे." तो वळला. "कधी काढलाय?"

"झाले असतील पंधरा-वीस दिस."

"कुठं?"

त्या चादरवाल्या बाईनेपण तोंडावर पदर घेतला. सगळ्यांना माहिती होतं ना, हे विचारायचं नसतं.

काकी म्हणाली, "मना ठावं नाय."

"काकी, खाली कोण राहतंय का? येणं-जाणं आहे का? आठवा."

"नाय ठावं बोलली ना!"

मी कॅमेरा घेतला, सगळे फोटो मागे-पुढे केले. तारीख चुकीची. आजूबाजूचा एक फोटो नाही. दरवाजा नाही, खिडकी नाही, अर्धा माणूस नाही. त्या फोटोत जगातलं काहीही असू शकलं असतं, आणि तेच तर तिला पाहिजे असायचं! ओंकारदादा मला बाजूला घेऊन बोलला, "एवढा तुकडा पोराच्या डोक्यात पडला तर पोरगं जागेवर जातं. आज पडंल, महिन्यानं पडंल, मला नाही सांगता येत." त्याच्या कपाळावर घाम आला होता. मटणाचा नव्हे.

काकीने स्कूटीची चावी उचलली. "चल बाय. बगू."

मी मागे बसले, ओंकारदादा त्याच्या बाईकवर. पहिल्यांदा जेट्टीकडच्या मासळीच्या शेडमध्ये गेलो. काकी वर बघत उभी राहिली. छत पत्र्याचं होतं. सिमेंटच नव्हतं! ओंकारदादा माझ्याकडे बघायला लागला. मग नेरूळला एका जुन्या कॉलनीत, जिन्याखाली. तिथलं छत चुन्याचं पांढरं, रंगाचा पत्ता नाही. काकी तिथेपण नुसती उभी. मला काही कळेना. जी बाई भिंतीकडे बघून सांगते की ह्या घरात कोण कधी रुसलं, तिला पिस्ता आणि पांढरा कळत नाही?

परत निघालो तर ती स्कूटी एवढी हळू चालवत होती की रिक्षावाले शिव्या घालत होते. कुंदाकाकी आणि हळू! सिग्नल लागला. हिरवा झाला. ती हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न.

"काकी, हिरवा झाला."

तिने मागे न बघता सांगितलं, "मोरपिशी थोरल्या पोरीच्या लगनाचा. राणी धाकटीच्या. आनि वरचा पिस्ता..." थांबली. "त्या हलदीला मी नाय गेली."

मला दोन सेकंद लागले. हिराकाकीचं घर. ओट्यावरचा छज्जा. ऊन उतरलं की हिराकाकी रोज त्याच्या खाली बसते. मांडीवर परी.

"तुला आधीच माहिती होतं?"

"त्यानं मान वाकरी केली तवाच. वट्याला पाय नाय लावला, गल्लीन उबी राहून जूम करून कारलेला." आणि मग एकदम ओरडली, "मना वाटला दुसऱ्याचा असल! देवा, दुसऱ्या कुनाचा तरी असूंदे!" आणि स्कूटी अशी उडवली की मी पडता पडता वाचले.

ऊन उतरलं होतं.

गल्लीत वळलो आणि लांबूनच दिसलं, हिराकाकी ओट्यावर बसलेली. पुढ्यात पाटीत कोलंबी, बाजूला परी वाटीने पाणी सांडत होती. वर तो छज्जा, पिस्ता रंगाचा. आता मला नदी दिसत नव्हती. मला छज्ज्याचं फुगलेलं पोट दिसत होतं.

काकी स्कूटी स्टँडला न लावताच उतरली. स्कूटी पडली. ती ओट्याच्या पायरीपर्यंत गेली आणि थांबली. पाय उचलेना.

हिराकाकीने वर बघितलं. "वाट चुकलीस का?"

"हिराबाय, उठ. पोरीला घे न् आत चल."

"कां? तू सांगतंस म्हनून?"

"छज्जा परल वरचा."

हिराकाकीचा चेहरा लालबुंद. "येवऱ्या वर्सान पाय नाय ठेवलास, न् आज आयलीस तां माजं घर पाराला? कसली काली जीभ गो तुजी!" आणि परीला ओढून मांडीवर घट्ट धरलं.

ओंकारदादा पुढे झाला. "मावशी, मी इंजिनियर आहे. खरंच धोका आहे, दोन मिनिटं फक्त..."

"तू कोन रं? बिल्डरचा मानूस ना? ही घेऊन आयली तुला? घर परतंय परतंय बोलाचा न् खाली कराचा, आमाला काय म्हाईत नाय?"

झालं! गल्लीत लोक जमायला लागले. मी परीला घ्यायला हात पुढे केला, तर हिराकाकीने कोलंबीचाच हात माझ्यावर उगारला. ओंकारदादा कुजबुजला, "ओढाओढी नको, धक्का नको." माझी नजर वरच्या त्या पांढऱ्या कडेवरून हलत नव्हती.

आणि कुंदाकाकी पायरी चढली.

चढली, पाटी बाजूला ढकलली, आणि छज्ज्याच्या बरोबर मधोमध, हिराकाकीच्या खांद्याला खांदा लावून, मांडी घालून बसली.

"काय करतंस?" हिराकाकी.

"बसतंय."

"उठ."

"तू उठ."

"माज्या वट्यावर मना सांगतंस?"

"तू बसलीस तं मी बसली. परल तं दोगींवर परल. पोरीवर पन."

ओंकारदादाने माझं मनगट धरलेलं, वळ उठले होते नंतर. परी आनंदात होती, तिला नवीन माणूस मिळालं. तिने ओला हात काकीच्या बांगड्यांवर मारला. खळ्ळ. त्याच वेळी वरून चिमूटभर भुकटी आली. जास्त नाही, पिठासारखी. काकीच्या केसांवर पडली, काळ्या केसांवर पांढरी.

हिराकाकीने ती बघितली. काकीने पुसली नाही.

"येडी हाय तू," हिराकाकी म्हणाली, आवाज हलला होता. "माज्या दारान मेलीस तं गाव म्हनल जावंनं मारली."

"म्हनूंदे."

"उठ गो बाय."

"तू आधी."

तिथेसुद्धा मानपान! मी देवाची शपथ घेऊन सांगते, मरणाच्या खाली बसून ह्या दोघी कोण आधी उठणार ह्यावर अडल्या होत्या. शेवटी हिराकाकी उठली. परीला काखेत मारून, पुटपुटत, शिव्या देत, दाराच्या आत गेली. मग काकीला उठता येईना. गुडघा धरला होता. मी आणि ओंकारदादाने तिला काखेत हात घालून खाली ओढली.

आणि छज्जा पडला नाही.

गल्लीभर लोक वर बघत उभे. काहीच नाही. हिराकाकी दारातून ओरडली, "परला का? कां नाय परत?"

ओंकारदादाने लोकांना लांब सारलं, कुणाकडून तरी बांबू घेतला, बाजूच्या भिंतीला चिकटून उभा राहिला आणि लांबून एक ठोका दिला. बद्द, पोकळ. दुसरा दिला. आणि पाटाएवढा तुकडा एकदम खाली आला. आवाज असा झाला की कावळे उडाले. कोलंबीची पाटी होती तिथे आता पाटी नव्हती.

धूळ बसली. मग परी रडायला लागली, आणि मीपण.

खाली तो तुकडा पडलेला. पिस्ता, राणी, मोरपिशी, तिन्ही थर, ताजे तुटलेले, आणि मधे गंजलेला गज. मी काकीकडे बघितलं. तिची पर्स तिच्या खांद्यालाच होती. हिराकाकीपण बघत होती. "हौस हाय ना तुला? कार ना आता फोटू."

"नको," काकी बोलली.

मग हिराकाकी म्हणाली, "पत्रिका पोरानं टाकलेली ग्रुपवर. मना म्हाईत नव्हता."

"मंग नंतर कां नाय आयलीस?"

"मना वाटला तू यशील."

एवढंच. रडारड नाही, गळ्यात गळा नाही. हिराकाकीने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि काकीच्या हातात न देता दोघींच्या मधे ठेवला. काकीने थोडा वेळ बघितलं आणि उचलला.

त्यानंतर काकी फोटोंची गावं सांगायला लागली असं वाटेल तुम्हाला. छे! अजिबात नाही. गाळ्यातला तो एक फ्लेक्स तिने काढून टाकला, बाकीचे भाडेकरू येईपर्यंत तसेच. फोटोचा खेळही चालूच. फक्त एक झालं. कुणाच्या छज्ज्याचा, जिन्याचा, गॅलरीचा फोटो काढला की ती त्या घराचं दार वाजवायची. ओळख असो नसो. "खाली नका बसू. मानूस बोलवून ठोकून घ्या." दारात आलेली माणसं आधी सोनं बघायची, मग कॅमेरा, मग धाडकन दार लावायची. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तिला गेटबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ही परत गेटवर. मी म्हटलं, काकी, किती अपमान करून घेशील? म्हणाली, "त्या रविवारी ठावं असून मना उशीर झालेला. आता नाय."

मग पप्पांना उलव्याला फ्लॅट मिळाला आणि आम्ही निघालो.

काकीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या मी वर येनार नाय, मना तां रडाबिडाचा जमत नाय. मम्मीच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी दिली आणि गेली. सकाळी टेम्पो भरला. मी मागे गाद्यांवर बसले. गल्लीतून निघालो तर शेवटी टेम्पो थांबला. मधे लाल स्कूटी आडवी.

हिराकाकीचा छज्जा आता नव्हताच. सगळा तोडून घेतला होता, भिंतीला नुसता ओबडधोबड पट्टा. त्यामुळे ओट्यावर रखरखीत ऊन, आणि त्या उन्हात दोघी डोळे बारीक करून कोलंबी सोलत बसलेल्या. परी काकीच्या पाठीला लटकलेली. एकीच्याही मनात आलं नव्हतं की आत जाऊन बसावं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. काकीने मान वर केली, गाद्यांवर बसलेली मी दिसले तिला. हात केला, हातात कोलंबीचं साल. तेवढ्यात हिराकाकीने तिच्या पुढ्यात बघून डोक्यावर हात मारला.

"अगो पाठीतला काला दोरा तसाच ठेवलास! काय घान सोलतंस! कार तो आधी."

काकीने माझ्याकडचा हात खाली घेतला आणि सोललेली कोलंबी परत उचलली. ड्रायव्हरने अजून एक हॉर्न मारला.

"थांब रं," काकी वर न बघताच ओरडली. "येवऱ्या करूंदे. ही बोलतंय मना."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.